दर्याचे बियाणे

जालना शहर आज बियाण्यांच्या व्यापारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. विकतचे बियाणे मिळू लागण्यापूर्वी या भागातील शेतकरी प्रत्येक सुगीतून निवडक कणसे पुढील पेरणीसाठी राखून ठेवी. दुष्काळात कणगी रिकामी झाली, तरी त्या बियाण्याला तो सहसा हात लावीत नसे. बियाणे खाल्ले, तर आजची भूक भागेल. परंतु उद्याचे शेत ओसाड राहील, हे तो जाणून होता.

समुद्रालाही हाच न्याय लागू आहे. माशांची पिल्ले हे दर्याचे बियाणे होय. कोकणचे कोळी पूर्वी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच पुन्हा मासेमारीस निघत. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. त्यामुळे वादळाच्या भयाने पाळलेला हा नेम माशांच्याही पथ्यावर पडे.

पुढे यंत्रे आली. ट्रॉल जाळे समुद्राचा तळ खरवडीत जाते. पर्ससीन जाळे माशांच्या सबंध थव्याला वेढा घालते आणि थैलीच्या तोंडासारखे खालून आवळले जाते. जाळ्याची छिद्रे बारीक असली, की पिल्लेही सुटत नाहीत. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे गाव पापलेटसाठी नावाजलेले. पूर्वीसारखे मोठे पापलेट आता मिळत नाही, असे तेथील कोळी सांगतात. 2023 साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. पण नुसत्या मानाने मासे वाढत नाहीत.

लोकसंख्या वाढली, मग मासे अधिक धरू नयेत काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याने दिले आहे. तेथील कॉड मासा शतकानुशतके पुरला. प्रचंड यांत्रिक जहाजांनी मात्र काही दशकांतच त्याचा साठा संपवीत आणला. अखेर 1992 साली मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार बुडाला.

दोष यंत्राचा नव्हे, सुटलेल्या हावेचा आहे. शेताला धनी असतो. समुद्र सर्वांचा, म्हणून त्याची राखण कोणीच करीत नाही. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा केला. तथापि, तो पाळण्याची बुद्धी कोळ्याला, व्यापाऱ्याला आणि पिल्ले विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही हवी. बियाणे राखील, त्यालाच सुगी लाभेल.