खडीची बाजू

गावाची प्रगती झाली की नाही, हे ठरवायची आपल्याकडे एक सोपी कसोटी आहे. गावात डांबर आलं का? आलं असेल तर प्रगती आली. नसेल, तर गावात शाळा असो, वाचनालय असो, नाहीतर शंभर वर्षांचं भजनी मंडळ असो, गाव मागासलेलं. त्यामुळे रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून जगात कुठेतरी शहाणीसुरती माणसं धडपडतात, असं मी सांगू लागलो की ऐकणारा माझ्याकडे संशयानं पाहतो. "तिकडची दारू अजून उतरलेली दिसत नाही," असं आमचे मेहुणे म्हणाले. मेहुणे कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडेसुद्धा मोटारीनं जातात, तेव्हा त्यांच्याकडून निराळी अपेक्षा नव्हती. पण सत्य सांगायला हवं. दारू मला चढली नव्हती. चढ मी चढत होतो.

हा चढ होता इटलीतल्या कियांतीचा. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला हा टेकड्यांचा, द्राक्षमळ्यांचा मुलूख. इथल्या दारूच्या हद्दी कोझिमो मेदिची तिसरा या ग्रँड ड्यूकनं १७१६ सालीच फर्मान काढून आखून दिल्या. इथल्याच ब्रोलिओ किल्ल्याचा मालक बेत्तिनो रिकासोली इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला आणि खुर्ची गेल्यावर त्यानं कियांतीत कुठली द्राक्षं कशासाठी घालायची, हे १८७२ साली लिहून ठेवलं. निवृत्त पुढाऱ्यानं देशाला असा काही उपयोग केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

या मळ्यांमधून जे रस्ते जातात त्यांना तिथे 'स्त्रादे बियांके' म्हणतात. म्हणजे सरळ मराठीत पांढरे रस्ते. पांढरट बारीक खडी दाबून केलेले. एका बाजूला द्राक्षांच्या ओळी, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची झाडं, वळणावर सुरूसारखे उंच सायप्रस, आणि चाकाखाली खडीचा कुरुमकुरुम आवाज. तासाभरात एखादा ट्रॅक्टर भेटतो. ट्रॅक्टरवाला हात वर करतो, आपणही करतो. झाली वाहतूक! आपल्याकडे एवढ्या वेळात निदान चार हॉर्न, दोन शिव्या आणि एक 'दिसत नाही का' झालं असतं.

आता मुद्दा असा की ही शांतता तिथे आकाशातून पडलेली नाही. तिचं कारण ती खडी. मोटारवाला कितीही शूर असला तरी आपल्या गाडीच्या रंगाला फार भितो. खडीवर वेग वाढवला की दगड उडतो आणि दगड उडाला की रंग उडतो. म्हणून तो एकतर सावकाश जातो, नाहीतर मुकाट्यानं मोठ्या रस्त्यानं जातो. थोडक्यात, खडी हाच तिथला वाहतूक पोलीस. शिट्टी नाही, पगार नाही, पावतीपुस्तक नाही, आणि टेबलाखालून काही घेतही नाही. त्यावर डांबर ओता. आठवड्याभरात 'जवळचा रस्ता' म्हणून सगळी मोटार-मंडळी तिथून धावायला लागतील. मग सायकलवाल्यानं, म्हातारीनं आणि शाळेच्या पोरानं गटाराच्या कडेनं जावं. मग अपघात होतात म्हणून गतिरोधक घाला. आधी वेग यावा म्हणून खर्च, मग वेग जावा म्हणून खर्च. याला आपण नियोजन म्हणतो.

कियांतीतही डांबराचा मोह होताच. मोह काही फक्त मराठी नसतो. तेव्हा जिआंकार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थानं १९९७ साली गायोले या गावातून एक सायकलफेरी काढली. नाव 'लेरोइका', म्हणजे वीरांची. त्या वर्षी वीर निघाले ९२. सायकली जुन्या, कपडे जुने, वाटेत पाव आणि वाइन, आणि मागणी एकच : आमचे पांढरे रस्ते पांढरेच ठेवा. आता दर ऑक्टोबरात तिथे हजारोंनी माणसं जमतात. सायकल १९८७ च्या आधीची हवी असा नियम आहे. आपल्या माळ्यावर, जिन्याखाली अशा किती सायकली गंजत पडल्या आहेत! २००७ पासून तर याच खडीवरून व्यावसायिकांची मोठी शर्यत निघते आणि सिएनाच्या भर चौकात संपते. ज्या धुळीची लाज वाटायची तीच धूळ तोंडाला फासलेल्या वीरांचे फोटो आता जगभर छापून येतात.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला मेहुण्यांचा. "म्हणजे आमच्या खेड्यातल्या बाळंतिणीनं खडीवरून दवाखान्यात जायचं का?" मुळीच नाही. दवाखान्याला, बाजाराला, शाळेला जाणारा रस्ता पक्काच हवा. कियांतीतही तो आहेच. भांडण त्या रस्त्याशी नाही. भांडण 'प्रत्येक रस्ता मोटारीचाच' या समजुतीशी आहे. आणि एक फरक ध्यानात घ्या. तिथली खडी ही खडी म्हणून राखलेली असते. पाणी जायला चर असतात, पृष्ठभाग वरचेवर सारखा करतात. आपली खडी म्हणजे पहिल्या पावसात डांबर वाहून गेल्यावर उरते ती. तिला रस्ता म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा. त्यांचं म्हणणं, अशा वाटेवर जायला 'ग्रॅव्हल बाइक'च लागते. रुंद टायर, डिस्क ब्रेक, आणि किंमत अशी की आकडा ऐकूनच दम लागावा. ग्रॅव्हल म्हणजे खडी. आमच्या गावचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकावून तीस वर्षं खडीवरून सायकल मारत होता. आपण एक आधुनिक क्रीडाप्रकार करतो आहोत, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही. मी कियांतीत भाड्याची साधी सायकल चालवली. चढावर उतरून ढकलली. द्राक्षांच्या ओळींना त्याचं काही वाटलं नाही.

आता कोणी म्हणेल, हे इटलीचं कौतुक इथे कशाला? तर आपल्याकडे पाणंद नावाची चीज आहे म्हणून. दोन शिवारांमधून जाणारी, गाव नकाशावर तुटक रेघेनं दाखवलेली, बैलगाडीची वाट. नाशिककडे दिंडोरीच्या बाजूला तर तिच्या दोहों अंगांना द्राक्षबागाही आहेत. पण पाणंदीच्या नशिबी दोनच गोष्टी. एकतर शेजारचा शेतकरी दरवर्षी हातभर नांगर पुढे घालून ती पोटात घालतो, नाहीतर तिच्यावर डांबर पडून तिचा हमरस्ता होतो. ती पाणंद म्हणूनच नीट राखावी, तिच्यावरून माणसानं पायी, सायकलवर, बैलगाडीत निवांत जावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. सावकाश जाणाऱ्या माणसालाही रस्त्यावर हक्क असतो, ही कल्पनाच आपण डांबराखाली गाडली आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. येत्या निवडणुकीत एखाद्या उमेदवारानं छातीठोकपणे सांगावं, "मला निवडून द्या, आपल्या पाणंदीवर मी डांबर पडू देणार नाही!" त्याचं डिपॉझिट जप्त होईल, याची मला खात्री आहे. पण एक मत त्याला नक्की पडेल. ते टाकायला मी सायकलवरून जाईन, आणि जाताना आमच्या मेहुण्यांच्या मोटारीच्या अगदी मधोमध पुढून, सावकाश जाईन.