कचेरीतील वाणी : पलीकडच्या माणसाला वर्दी

इंग्रजीतून दूरध्वनी कसा घ्यावा याचा एक छापील कागद हल्ली नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींच्या हाती पहिल्याच दिवशी पडतो, आणि त्यावरील ‘मे आय नो हू इज कॉलिंग?’, ‘होल्ड द लाइन, प्लीज’, ‘आय विल पुट यू थ्रू’ ही वाक्ये ती मुले परवचा म्हणावा तशी मुखोद्गत करतात. पण कागदावरच्या शब्दांमागचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही, आणि अर्थावाचून उच्चारलेले सौजन्य ऐकणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते.

‘पुट थ्रू’ हा प्रयोग मुळात अलंकारिक नव्हता. १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी दूरध्वनी एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा एकाची तार दुसऱ्याच्या तारेशी माणूसच स्वहस्ते जोडून देई. आरंभी अशा कामावर पोरे नेमलेली असत, त्यांच्या उर्मट बोलण्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये एमा नट ही तरुणी या कामावर आली. अदृश्य माणसाशी मृदू स्वरात बोलणे हा नोकरीचा भाग ठरला तो तेव्हापासून. पुढे १८८२ मध्ये मुंबईतही एक्स्चेंज उघडले. ‘यू आर थ्रू’ म्हणजे ब्रिटिश माणसाच्या लेखी जोडणी झाली, तर अमेरिकन माणसाच्या लेखी बोलणे संपले. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना हे वाक्य टाळावे हे उत्तम. ‘होल्ड द लाइन’ म्हणजेही निव्वळ ‘थांबा’ नव्हे: रिसीव्हर आकड्यावर टांगला की तार तुटे, म्हणून तो हाती धरून ठेवा, ही विनंती. आपल्या घराघरांतील ‘फोन ठेवू नका हं’ हे तेच, आणि माझ्या मते अधिक आर्जवी आहे.

परंतु या सर्व वाक्यांचा प्राण ‘मे’ या लहानशा क्रियापदात आहे. ‘मे आय पुट यू ऑन होल्ड?’ ही परवानगीची याचना आहे, आणि याचना केल्यावर उत्तराची वाट पाहणे क्रमप्राप्तच ठरते; प्रश्नाचे शेवटचे अक्षर संपण्यापूर्वीच कळ दाबली गेली, तर त्या प्रश्नाने सौजन्य न होता अवमान होतो.

मावशीच्या निवृत्तिवेतनाच्या एका कामासाठी मी मध्यंतरी एका कचेरीत दूरध्वनी केला होता. चार टेबलांवर तो फिरला, चारही ठिकाणी माझे स्वागत शुद्ध इंग्रजीत झाले, आणि चारही वेळा मला मूळ मजकूर आरंभापासून सांगावा लागला. त्या चार स्वागतांचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. जुन्या कचेऱ्यांत भेटीस आलेल्या गृहस्थाची चिठ्ठी घेऊन शिपाई आत जाई, कोण आले आहे आणि कशासाठी, याची साहेबांना वर्दी देई, बाहेर येऊन ‘बसा, बोलावतील’ असे सांगे, आणि मगच दार उघडे. दूरध्वनी दुसऱ्याकडे सोपवताना हीच वर्दी हवी. कोणाकडे देत आहोत, का देत आहोत, मध्येच तार तुटली तर थेट कोणता क्रमांक फिरवावा, हे सांगण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

पाचव्या टेबलावरील मुलीचे इंग्रजी अडखळत होते, आणि थोड्याच वेळात ती मराठीवर आली. “काका, मॅडम जागेवर आहेत का बघते, दोन मिनिटं लागतील, चालेल ना?” असे म्हणून ती माझ्या होकारासाठी थांबली. परत आल्यावर म्हणाली, “मॅडमना मावशींचं नाव आणि अडचण दोन्ही सांगितलंय, तुम्हाला परत पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. देऊ का?”

— श्रोता