तीन चौकटी
स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या तारखेखाली मी तीन बारीक चौकटी आखल्या आहेत: चालणे, लिहिणे, देणे. दहा हजार पावले, पाचशे शब्द, वीस रुपये. पैकी दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही; 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राचे नावच ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर, असे होते, आणि विक्रीसाठीचा तो आकडा साऱ्या जगाच्या पायांत अडकला. हे कळल्यापासून मी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून-उतरून येतो आणि निर्धास्तपणे खूण करतो. लिहिण्याची चौकट मात्र हट्टी. पाचशे शब्द लिहून तीनशे खोडले, तर खूण करायची की नाही, याचा निवाडा अजून झालेला नाही. देण्याचा नियम सोपा होता: चालणे किंवा लिहिणे चुकले, की डब्यात वीस रुपये. पावसाळ्यात डबा गच्च भरला. बायको म्हणाली, “तुमच्या आळसावर कुणाचं तरी भलं होतंय, चालू द्या!” ते बोचले. दान म्हणजे दंड नव्हे. पुण्यात 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी होती. ती कष्टाच्या कमाईतून आली, चुकल्या दिवसांच्या भरपाईतून नव्हे. म्हणून आता नियम उलटा केला आहे: लिहून झाले, तरच डब्यात वीस रुपये. या आठवड्यात जेमतेम चाळीस पडलेत. हा मजकूर संपला, की साठ होतील.