संघ मालकाचा की गावाचा?

"मामा, संघ ही मालकाची मालमत्ता असते. त्याला वाटलं तर तो ठेवेल, वाटलं तर उचलून दुसरीकडे नेईल. गावाचा त्यात काय संबंध?"

हे म्हणणं आमच्या भाचेजावयांचं. ते बरीच वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात असतात. हुशार आहेत आणि माझ्याशी मोकळेपणाने वाद घालतात, म्हणून मला आवडतात. फोनवर माझं उत्तर अर्धवट राहिलं, ते इथे पुरं करतो. बाकीच्या नातेवाईकांनाही कळू दे, आम्ही पाऊण तास कशावर भांडत होतो ते!

विषय आहे क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाचा आणि त्यांच्या १९९५ च्या मोसमाचा. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं पाडायचं. त्या काळी मोसमात प्रत्येक संघ १६ सामने खेळत असे.)

१९९४ मध्ये ब्राउन्सनी १६ पैकी ११ सामने जिंकले होते. त्यामुळे पुढच्या वर्षाकडून गावाच्या मोठ्या आशा होत्या. ५ नोव्हेंबर १९९५ पर्यंत ९ सामने झाले, ४ जिंकले, ५ हरले. फार चांगलं नाही, पण सावरता येण्यासारखं. आणि ६ नोव्हेंबरला मालक आर्ट मॉडेल यांनी बाल्टिमोरला जाऊन जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून हा संघ इथला. मोसम अजून चालू होता, सात सामने खेळायचे बाकी होते!

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, तिथे मतदान होतं. जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू आणि सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायचा का, असा प्रश्न होता. मालक निघाला हे कळूनही सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'हो' म्हटलं. भाचेजावई, 'गावाचा काय संबंध' याचं उत्तर त्या मतपेटीत आहे.

मालकाची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतात. स्टेडियम नगरपालिकेचं असलं तरी त्याचा कारभार मॉडेल यांच्या कंपनीकडे होता. तिथे बेसबॉलचा संघही खेळायचा. तो १९९४ मध्ये स्वतःच्या नव्या मैदानात गेला आणि मॉडेल यांचं ते उत्पन्न बुडालं. त्यांच्यावर कर्ज होतं. बाल्टिमोरने बिनभाड्याचं नवं स्टेडियम देऊ केलं. माणूस अडचणीत होता हे कबूल. पण अडचणीतला माणूस संघ विकू शकतो, भागीदार घेऊ शकतो. अर्ध्या मोसमात पाठ फिरवणं हा एकच मार्ग उरला होता, हे मला पटत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. जाहिरातदारांनी जाहिराती काढल्या. उरलेल्या ७ सामन्यांत एकच विजय, मोसमाअखेर ५ विजय आणि ११ पराभव. तो एक विजय १७ डिसेंबरचा, घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. सिनसिनाटीला २६-१० असं हरवलं. 'डॉग पाउंड' नावाच्या भागातले प्रेक्षक बाकं उखडून मैदानात फेकत होते, इतकी की शेवटी खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे हलवावा लागला. या मोडतोडीचं मी समर्थन करत नाही. पण सामना संपल्यावर खेळाडू त्याच बाकांपाशी गेले आणि त्याच लोकांच्या गळ्यात पडून रडले. अर्नेस्ट बायनर त्या दिवशी शंभरावर यार्ड धावला होता, तोही त्यांत होता. मालमत्तेच्या गळ्यात पडून कुणी रडतं का हो?

आता मूळ मुद्दा. "हा धंदा आहे" असं म्हणणाऱ्यांनी धंद्याचे नियम तरी पाळावेत. साबणाचा कारखाना गावातून उठला तर दुसरा कुणी कारखाना काढू शकतो. इथे किती संघ असावेत हे लीगच, म्हणजे मालकांची संघटनाच, ठरवते. त्यामुळे संघाविना तळमळणारं एखादं शहर नेहमीच शिल्लक राहतं आणि त्याचा धाक दाखवून बाकीच्यांकडून पैसे काढता येतात. बाल्टिमोरचंच बघा. १९८४ मध्ये त्यांचा कोल्ट्स संघ मालकाने रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला नेला. त्याच दुःखाने पोळलेल्या गावाने अकरा वर्षांनी दुसऱ्याचं घर मोडलं. मी दोष गावाला देत नाही, ही टंचाई मुद्दाम निर्माण करणाऱ्यांना देतो.

दुसरा मार्ग नाही असंही नाही. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावाचा पॅकर्स संघ १९२३ पासून भागधारकांचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, नफ्याने ते विकता येत नाहीत. म्हणून तो संघ आजही तिथेच आहे. आणि लीगने काय केलं? अशी मालकी दुसऱ्या कुठल्याही संघाला करता येणार नाही असा नियम करून ठेवला!

क्लीव्हलंड लढलं म्हणून १९९६ च्या तडजोडीत संघाचं नाव, रंग आणि इतिहास गावाकडे राहिला आणि १९९९ मध्ये नवा संघ मिळाला. नाव आणि इतिहास गावाचा, हे शेवटी लीगनेच मान्य केलं की! १९९६ मध्येच ओहायोने कायदाही केला: करदात्यांच्या पैशावर उभ्या स्टेडियममधून संघ हलवायचा तर सहा महिने आधी सांगा आणि स्थानिकांना विकत घेण्याची संधी द्या.

आता २०२५ मध्ये काय घडलं ते वाचा. सध्याच्या मालकांनी संघ क्लीव्हलंडमधून शेजारच्या ब्रूक पार्कला न्यायचं ठरवलं. राज्याने तो कायदा बदलला, राज्याबाहेर जाणाऱ्या संघापुरताच ठेवला. वर नव्या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले, तेही लोकांच्या विसरलेल्या ठेवींसारख्या बेवारस पैशांतून! त्याविरुद्ध दावे दाखल झाले. नगरपालिकेने १० कोटी डॉलरवर तडजोड केली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! अशा स्टेडियमांतून गावाचा खर्च भरून निघत नाही, हे बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगून थकले.

माझं म्हणणं एवढंच आहे. मालकाने सगळा खर्च खिशातून करावा आणि मग खुशाल "माझा संघ" म्हणावं. लोकांचा पैसा घ्यायचा असेल तर लोकांना हिस्सा द्यावा, निदान विकत घेण्याचा पहिला हक्क तरी. खर्च गावाचा आणि मालकी एकट्याची, याला धंदा म्हणत नाहीत.

असो. भाचेजावई हे वाचतीलच आणि उत्तरही देतील. बाकीच्यांनीही आपलं मत जरूर कळवावं, फक्त "मामा, तुम्हाला त्या खेळातलं काय कळतं" हे सोडून!