पोषणाचा तक्ता वाचतो कोण?

बिस्किटे, फरसाण, नूडल्स, शीतपेये यांच्या वेष्टनावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोषणमूल्यांचा तक्ता असतो. तो पाहून खरेदी करणारे ग्राहक कोण, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. निष्कर्ष बहुतांशी सारखेच आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रिया, जास्त शिकलेले, चांगल्या उत्पन्नाचे आणि मधुमेह किंवा रक्तदाबामुळे पथ्य पाळणारे लोक तक्ता अधिक वाचतात. म्हणजे आरोग्याबाबत जो आधीच सावध आहे, त्यालाच त्याचा जास्त उपयोग होतो.

यात इतरांचा आळस शोधणे योग्य नाही. भारतात लेबलवरील सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत दिली की नियम पूर्ण होतो. मराठी ऐच्छिक आहे. शिवाय आकडे वाचता आले तरी हिशेब उरतोच. शंभर ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ किती? सोडियमला अडीचने गुणायचे, म्हणजे दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. दुकानात गर्दीत उभे राहून हे गणित कोण करणार?

चिलीने जून २०१६ पासून वेगळा मार्ग घेतला. साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असल्यास दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापणे सक्तीचे झाले. त्यानंतर अशा इशारा लागू झालेल्या पेयांची खरेदी, कायदा नसता तर जेवढी अपेक्षित होती त्यापेक्षा, सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. प्रमाणाच्या हिशेबात घट जास्त शिकलेल्या घरांत मोठी होती. पण कमी शिकलेल्या घरांतही ती झाली, हे महत्त्वाचे. अर्थात मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतील विक्रीवर त्याच वेळी निर्बंध आल्याने सारे श्रेय अष्टकोनाला देता येत नाही.

भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्धा ते पाच तारे देण्याची पद्धत सुचवली. तिच्यावर आक्षेप असा की, प्रथिने, तंतुमय घटक किंवा सुकामेवा यांच्या गुणांमुळे जास्त साखरेचे उणे गुण झाकले जाऊ शकतात. तारा हे शाबासकीचे चिन्ह. त्यातून धोका कळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात, असे सांगितले.

साध्या खुणेची ताकद आपल्याला नवी नाही. शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्या ग्राहकालाही कळतो. त्यासाठी चष्मा लागत नाही की गुणाकार. साखर आणि मिठाबाबतही तेवढीच स्पष्ट खूण समोर आली, तर पथ्य पाळणाऱ्यांपलीकडच्या ग्राहकालाही निवड करता येईल. मागच्या बाजूचा तक्ता एकट्याने ते काम करू शकत नाही.