चादरीची झोळी करणाऱ्या हातांनाही शिकवा

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत 11 मिनिटांत 7 बॉम्बस्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली. तेव्हा 108 ची रुग्णवाहिका नव्हती. रुळालगतच्या झोपड्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली. चादरीची झोळी करून त्यांनी जखमींना बाहेर काढले.

अशा वेळी सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात जखमीला पहिला हात लागतो तो बहुधा इंटर्नचा किंवा निवासी डॉक्टरचा. आता आपल्या वस्तीतली मुलेमुलीही एमबीबीएसला जातात. त्यांना यासाठी तयार केले जाते का?

पुस्तकात धडा आहे. लाल चिठ्ठी म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळी म्हणजे थोडे थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालता येणारा, काळी म्हणजे हाताबाहेर गेलेला किंवा मृत. पण धडा पाठ करणे वेगळे आणि शंभर माणसे ओरडत असताना चिठ्ठी बांधणे वेगळे. चालू शकणारे किरकोळ जखमी आधी पोचतात आणि खाटा भरतात. रक्त वाहणारा मागून येतो. जो ओरडतो त्याच्यापेक्षा जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचे, हे सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही.

चिठ्ठीचा रंग जखम ठरवते. जात, धर्म, पैसा, ओळख नाही. 26/11 ला पकडलेल्या कसाबवरही पालिकेच्या नायर रुग्णालयात उपचार झाले. ही समतासुद्धा शिकवावी लागते.

कुणी म्हणेल, हल्ले रोज होत नाहीत. खरे आहे. पण 2017 ची एल्फिन्स्टन पुलावरची चेंगराचेंगरी आणि 2024 मध्ये घाटकोपरला कोसळलेले होर्डिंग आठवा. तिथेही हेच कौशल्य लागते आणि अशा घटनांत आपलीच माणसे सापडतात.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षातून एकदा पूर्ण तालीम घ्यावी. त्यात विद्यार्थ्यांबरोबर परिचारिका, वॉर्डबॉय आणि शेजारच्या वस्तीतले तरुणही असावेत.

तोवर घरातल्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे: वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, रुतलेला तुकडा उपसू नका, आणि बघ्यांची गर्दी करू नका, दुसरा स्फोट होऊ शकतो.