घर तिच्या नावाचे

आमच्याकडे पोळ्यांना येणारी बाई देवास जिल्ह्यातील एका खेड्यातून सकाळच्या बसने इंदूरला येते. एके दिवशी तिने पदराची गाठ सोडून घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. "बाईसाब, कुटीर आ गई. देखो तो, नाम किसका है?" सरकारी घरकुलाला तिच्या गावी अजून कुटीरच म्हणतात. नाव तिचेच होते. मी बोट ठेवून दाखविले, तेव्हा तिनेही त्या अक्षरांवरून बोट फिरविले.

हे नाव तेथे योगायोगाने आलेले नव्हते. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली, ती मुख्यतः अनुसूचित जाती-जमाती व वेठबिगारीतून मुक्त झालेल्यांसाठी. तिचीच पुनर्रचना होऊन १ एप्रिल २०१६ पासून पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. घर शक्यतो स्त्रीच्या अथवा पतिपत्नी दोघांच्या नावे मंजूर व्हावे, हा दंडक पूर्वीपासून चालत आला आहे. स्वयंपाकाच्या जागेसह निदान पंचवीस चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य. जसजसे बांधकाम वर चढेल, तसतसे त्याचे छायाचित्र घेऊन पुढला हप्ता थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. २०२४ मध्ये आणखी दोन कोटी घरांना मंजुरी मिळाली, तेव्हाही रक्कम तीच राहिली. सिमेंट-सळईच्या दुकानदाराने मात्र आपले भाव २०१६ वर थांबविलेले नाहीत! उरलेली भर या बाईने व्याजाच्या पैशांनी व स्वतःच्या अंगमेहनतीने घातली.

पण खरा पेच पुढेच होता. घर तिचे, त्याखालची जमीन कोणाची? गावठाणातील घरांना पिढ्यान्‌पिढ्या कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालकीचे अभिलेख देण्यास आरंभ झाला, ही गोष्ट चांगलीच. परंतु मोजणीवाले आले, त्या दिवशी बाई आमच्याकडे पोळ्या लाटीत होती. गावात जेठ हजर होता. साऱ्या अंगणावर एकट्याचे नाव त्याने सांगितले. भिंती एकीच्या, भुई दुसऱ्याची!

आपल्या घरी कामास येणाऱ्या कित्येकींची घरकुले अशाच सामाईक अंगणांत उभी असतील. आपण त्यांना सणावाराला लुगडे देतो, पण कागद वाचून दाखविण्याचे आपल्याला क्वचितच सुचते. मंजुरीचा कागद आणि जमिनीचा अभिलेख, दोन्ही शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. हरकत नोंदवावयाची ती वेळीच. पुढे हे काम अवघड होते, आणि दर खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते.

आम्ही हिंदीत अर्ज लिहून दिला. सही करण्यापूर्वी तिने तो मला पुन्हा एकदा, सावकाश, वाचावयास लावला. परवा तिची तिसरी खेप झाली.